वरच्या पंखाची चीर

…हो काका, काल उडायची पाळी तुमच्या मुलाची, विंकोची, नव्हतीच. बरोबर ऐकलंत. पण मला काय विचारता? मी पंखांवर कापड शिवते, रोगण लावते — पाळ्या मेजरसाहेब लावतात. बसा त्या खोक्यावर. आणि असं बघू नका त्या विमानाकडे, एकेकाळी भारी होतं ते! दोन मजली पंख, चार बंदुका — अडतीस साली अशी शेकडो उभी होती, टाक्या भरून, वैमानिक आत बसलेले. आणि तुमच्या वयाच्या शहाण्यांनी काय केलं? हुकूमच दिला नाही. न लढताच जर्मनांना मुलूख देऊन सह्या केल्या! राग येऊ दे, खरं तेच बोलतेय. आता सहा वर्षांनी, जर्मनांविरुद्धचा उठाव हरत आल्यावर, त्याच जुन्या विमानांत पोरांना बसवतात. जर्मन विमान दीडपट वेगानं येतं, काका — मी कॉलेजात गणितच शिकले, मला कागद लागत नाही.

इथे उडण्यासारखी दोनच उरली होती. एक विंकोचं, एक हे — इम्रिखचं. काल पाळी इम्रिखची. त्याला म्हटलं, डोंगरात पळ, मीही येते. हसला नुसता. मग या विमानाच्या वरच्या पंखाला चीर गेली, हातभर. गोळी? नाही हो, गोळीचं भोक गोल असतं. ही सरळ होती… कात्रीनं जाते तशी. ऑक्टोबरच्या ओल्या हवेत रोगण तीन-तीन दिवस वाळत नाही, तोवर जर्मन इथे पोचतील, उडणंच संपेल — असा हिशेब होता. म्हणजे, कुणाचाही असता! एक उड्डाण रद्द होईल, बस्स. मला काय माहीत, विंको टोपी चढवत म्हणेल, "झेल्का, तोंड पाडू नकोस गं, माझं विमान आहे की, मी जाऊन येतो"?

गेला तो परत आलाच नाही. मी थांबवायला हवं होतं. एका शब्दाचं काम. तो शब्द बोलले असते तर विंकोचं विमान घेऊन इम्रिख गेला असता — मग नाही बोलले.

आणि उपयोग काय झाला? मेजरांनी हँगरात शेगड्या लावल्या. रोगण वाळतंय. हा शेवटचा हात, उद्या पहाटे इम्रिख जाणारच.

थोबाडीत मारा. नाही?… मग उठा. दार नीट ओढून घ्या, ओल्या कापडावर धूळ बसते.