तात्यांचं खरं नाव

तुमच्या पणजोबांचं नाव ठाऊक आहे ना? नसेल तर आजच विचारून ठेवा.

माझे सोळा सोमवार फळले आणि सून मिळाली अमेरिकेतली, एमिली. लग्नात म्हणायला गुरुजींनी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची नावं मागितली. तिने चर्चच्या वह्या, जहाजांच्या याद्या धुंडाळल्या आणि दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या सुतारापर्यंत पिढ्या काढल्या.

मांडवात गुरुजींनी आमच्या ह्यांना विचारलं, "मुलाच्या पणजोबांचं नाव?"

"तात्या."

"अहो, खरं नाव सांगा. मुहूर्त टळेल."

"सगळे तात्याच म्हणायचे."

मी महादेवाचा धावा सुरू केला. शालूतली एमिली फोन काढून म्हणाली, "आई, काळजी नको, मी शोधते. तात्या पुण्याला कोणत्या जहाजाने आले?"