तेरावा वाटा

जबाब, दिनांक २१ मे १९६२

नाव लेतू बाजी टेकाम, वय अंदाजे चाळीस, जात कोलाम, धंदा मजुरी व बांबूच्या टोपल्या विणणे, राहणार हिवरीपोड, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ.

मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पोडावर, म्हणजे आम्हा कोलामांच्या वस्तीवर, बायको शकुबाई हिच्यासह राहतो. पोडावर बारा घरे आहेत. आम्हाला रामी नावाची एक मुलगी होती. वय नऊ असेल, नक्की माहीत नाही.

पोडाच्या खाली नाल्यात एक डोह आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की आम्ही गेळाची फळे ठेचून त्यात टाकतो. मासे गुंगून वर येतात, ते हाताने धरतो. माझा बापही तसेच करायचा. यंदा होळीच्या आधी जंगलखात्याच्या नाकेदारांनी डोहावर पाटी ठोकली. आम्हाला वाचता येत नाही. मासे धरणे बंद, पाण्यात फळ टाकणे बंद, असे त्यांनीच वाचून दाखवले. "बगळ्यायलेबी बंदी हाय का, साहेब?" असे माझ्या बायकोने विचारले. नाकेदार हसले नाहीत.

पाडव्यानंतर रामीला ताप आला. सहा दिवस होता. पेज तोंडात धरेना. "बा, मासोयीचा रस्सा दे," असे दोनदा म्हणाली. एक बिडी संपायच्या आत पोचावे इतका डोह घरापासून जवळ आहे. पाटीमुळे मी गेलो नाही. सातव्या दिवशी सकाळी ती वारली.

दिनांक ६ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास घरटी एक असे आम्ही बारा जण डोहावर गेलो. पोडावरची ज्वारी संपली होती. मिळाले ते मासे पळसाच्या पानांवर सारखे वाटले. घराला एक वाटा असतो. वर्षभरात कोणी वारले असेल तर त्या माणसाचा एक वाटा वेगळा घालतात आणि तो डोहाकाठच्या दगडावर ठेवून येतात. म्हणून वाटे तेरा झाले. तेराव्यात मी माझ्या हाताने एक मरळ जास्तीची ठेवली. कोणी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात नाकेदार दोन माणसे घेऊन आले. त्यांनी आधी माणसे मोजली, मग वाटे मोजले. "मानसं बारा न् वाटे तेरा. हा कोनाचा?" मी म्हणालो, "रामीचा." "कोठी हाय ते?" मी बोललो नाही. वाटे मांडलेले असताना मेलेल्याला मेले म्हणत नाहीत, म्हटले तर वाटा त्याला पोचत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. बाकीचे अकराही गप्प राहिले. नाकेदारांनी पंचनाम्यात रामी लेतू टेकाम, आरोपी तेरावी, फरार, असे लिहिले. ते मला तेव्हा समजले नाही. तेराही वाटे पोत्यात भरून मुद्देमाल म्हणून नेले. दगडावर काही ठेवता आले नाही. त्याचे मला वाईट वाटते.

आम्हा बारा जणांबद्दल काही म्हणणे नाही. मासे आम्ही धरले.

काल शिपाई रामीला न्यायला पोडावर आला. बायको आत जाऊन बसली, ती अजून बाहेर आलेली नाही. म्हणून मी आज आलो.

जमादारसाहेबांनी रामी मेल्याचा दाखला मागितला. तो नाही. कोतवालाच्या वहीत तिचा जन्म नाही, म्हणून मृत्यूही नाही. त्यावर ते म्हणाले, "रामी नावाचं कोनी नव्हतंच, असं लिहून दे. नाव कटते, तूबी सुटशीन. नाही तं पोरीले लपवल्याचा गुन्हा तुह्यावर येते." ते माझ्या भल्याचेच सांगत होते, हे मला कळते.

तसे मी लिहून देत नाही. रामी होती. तेरावा वाटा तिचाच होता. तिच्या नावावर जी शिक्षा असेल ती मला द्यावी.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. रामीचे नाव जेथे आले ती ओळ मी पुन्हा वाचायला सांगितली, ती पुन्हा वाचली. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

लेतू बाजी टेकाम, डाव्या हाताचा अंगठा