आप्पांना कमान नको होती

आदरणीय ग्रामस्थहो, माता-भगिनींनो,

एवढ्या ज्येष्ठांच्या सभेसाठी मी काही लिहावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. उभे राहून बोलायला माझा आवाज पुरणार नाही, म्हणून हे मनोगत सरपंचताईंकडे पाठवत आहे. त्या वाचतील तेव्हा मी मागच्या रांगेत असेन. कृपया वळून पाहू नका.

आपले वसंतआप्पा गेले. पुण्यात अर्धे आयुष्य इमारतींचे आराखडे काढून ते डिंगोऱ्याला परतले आणि जिल्हा परिषदेवर निवडून आले. आपण त्यांना शेवटपर्यंत 'इंजिनिअर साहेब' म्हणत राहिलो. ते दर वेळी सांगत, "अहो, मी आर्किटेक्ट." सभेच्या फ्लेक्सवरही 'इंजिनिअर'च छापले आहे. आप्पा हसले असते.

निवडून आल्यावर गावाने त्यांच्याकडे काय मागितले? कमान. त्या ग्रामसभेत मी आईशेजारी बसले होते. बाबूतात्या म्हणाले, "साहेब, कमान न्हाई तर गाव कुठनं सुरू व्हतं, ते पावण्यांला कसं कळायचं?"

"कुत्री भुंकतील की, तात्या!" आप्पा म्हणाले.

सगळे हसले. मग ते शांतपणे म्हणाले, "कमानीखालून माणूस निघून जातो. मला थांबायची जागा बांधायची आहे."

आणि त्यांनी ती बांधली. ओतूरच्या एसटी स्टँडला लागून, मुलींची अभ्यासिका. स्टँडला लागूनच का? कॉलेज सुटल्यावर आमच्या गाडीला दीड तास असतो, आणि बिबट्याच्या भीतीने अंधारापूर्वी घर गाठावे लागते. आमच्या त्या दीड तासाला आप्पांनी भिंती दिल्या, छप्पर दिले. परीक्षेतल्या माझ्या ज्या पहिल्या क्रमांकाचे आपण कौतुक केलेत, तो त्या दीड तासाचा आहे.

प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात ते तारीख आणि वेळ लिहीत. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "बाळ, ऊन सरकतं. खिडकी कोणत्या वेळी पाहिली, ते लिहावंच लागतं."

डिंगोऱ्याच्या अभ्यासिकेचा आराखडाही त्यांनी पूर्ण केला होता. तो ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. आणि या सभेत ठराव येणार आहे तो त्यांच्या नावाच्या कमानीचा! ग्रामस्थहो, ज्यांनी जिवंतपणी कमान नाकारली, त्यांच्या माघारी त्यांचेच नाव कमानीवर चढवायचे? नको. तात्या, हात जोडते, नको. ठराव बदला. कपाट उघडा. आराखडा तयार आहे. आता फक्त आपण हवे आहोत.

आता आपण सर्व जण एक मिनिट शांत बसू या. अभ्यासिकेत असते तसे. पान उलटले तरी ऐकू यावे, इतके शांत.

आप्पा, तुम्हाला नमस्कार. कोपऱ्यात लिहायला मी विसरलेले नाही.

ओतूरची अभ्यासिका, पश्चिमेची खिडकी. ऊन वहीवर आले आहे.
पाठवले : मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे.