ताबा मिळतोय

ग्राहक न्यायालयाबाहेरच्या बाकावर मी माझा पुकारा व्हायची वाट बघत होतो. शेजारी एक बाई आणि एक गृहस्थ बसले होते.

"डबा आणलास?"

"आणलाय. तुझ्या गोळ्या?"

"घेतल्या. आज बिल्डर काय सांगणार गं?"

"मागच्या खेपेला लिफ्ट बंदरात अडकली होती. आज निघाली असेल."

"लग्न ठरल्यावर बुक केला होता आपण हा फ्लॅट."

"हो. आणि घटस्फोटसुद्धा त्याच्याआधी हातात पडला."

"तेवढं एकच काम वेळेत झालं बघ आपलं."

दोघंही हसली. इतक्यात त्यांचे वकील धावतच आले.

"अभिनंदन! बिल्डर नमला. आजच किल्ल्या देतोय. दोघांनी तडजोडीवर सह्या करा, की केस संपली."

"संपली म्हणजे? पुन्हा यायचंच नाही?"

"अजिबात नाही! सुटलात तुम्ही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण वकीलसाहेब, बाल्कनी नकाशापेक्षा लहान वाटते हो," बाई म्हणाल्या.

"आणि पार्किंगचं काय?" गृहस्थांनी विचारलं.

"अहो, पार्किंग तुम्ही कधी मागितलंच नव्हतं!"

"आता मागतोय," दोघं एकदमच म्हणाली. "पुढची तारीख घ्या."