चार वाहनं आणि एक पान

—नको, पाणी नको, माधवराव. संग्रहालयाची देखरेख तुमच्याकडे ना? मग आधी मंडळाचं हे पत्रक वाचा. ‘नृसिंहशास्त्रींचे राहते घर पाहण्यास यावे, येण्याची सर्व सोय आहे.’ कुठली सोय हो? मी टिपून ठेवलंय. शेवगावहून मोटार — लढाईपायी पेट्रोल नाही, म्हणून कोळशाच्या गॅसवरची — करंजीच्या घाटात आम्हालाच उतरवून ढकलायला लावली. नगरहून आगगाडी — शेजारी कोंबड्यांची पाटी, हा सदरा बघा, शी! राहुरीला टांगा, घोडं लंगडं. देवळालीपासून उसाची बैलगाडी — गाडीवान पुढून पिचकारी मारणार, वाऱ्यानं निम्मी माझ्या धोतरावर! शेवटचा ओढा पायी, गुडघाभर चिखल. आणि हे सगळं कशासाठी? एका चिठ्ठीसाठी. काचेखाली शास्त्रीबुवांची रोजनिशी ठेवलीत, खाली लिहिलंत ‘स्वहस्ताक्षर’ — ते अक्षर माझं आहे. हसताय काय? अकरा वर्षं ते झोपाळ्यावरून सांगायचे, मी खाली बसून लिहायचो. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे! ‘लेखनिक — विष्णुपंत’, दोन शब्द, एवढंच लिहा. काय म्हणता, सगळ्यात सुबक पान उघडून ठेवलंय? लोक वाखाणतात? वाखाणतीलच. थांबा, चष्मा लावतो — बघू तरी कुठलं —

मार्गशीर्ष वद्य षष्ठी. ‘आज विशेष काही नाही.’

हेच? अकरा वर्षांत तुम्हाला हेच पान सापडलं? — सुबक आहे खरं. हात जरासुद्धा हललेला नाही. माधवराव, त्या दिवशी माझी बायको, दमयंती, देवळालीला माहेरी तापानं फणफणली होती. तिचा भाऊ राधाकृष्ण सकाळीच बैलगाडी घेऊन आला, इथं, या दारात — ‘भावोजी, चला, अक्का सारखं तुमचं नाव घेतेय.’ शास्त्रीबुवा म्हणाले, कालची नोंद तेवढी उतरवून जा. ती झाली, तर म्हणाले, परवाचीही राहिलीय. मी बसलो. कुणी धरून ठेवलं होतं? कुणी नाही. गाडी रिकामी परत गेली. तासाभराची वाट — आणि वाहन दारात उभं! तिन्हीसांजेला निरोप आला. ती गेली. शास्त्रीबुवांनी झोपाळा थांबवला, ऐकून घेतलं, पुन्हा पायानं रेटा दिला — म्हणाले, लिही, आज विशेष काही नाही. आणि मी लिहिलं! त्यांची शिसारी येते म्हणावं, तर लेखणी कुणाच्या हातात होती? ओळ बघा, पट्टी लावून ओढल्यासारखी...

नाही, नाही, दौत कशाला काढताय? ठेवा ती. चिठ्ठी नको. माझं नाव नको या पानाखाली. ‘स्वहस्ताक्षर’ — राहू द्या, त्यांचंच आहे ते. गाडी? नको, गाडी बोलावू नका. देवळालीपर्यंत चालत जाईन. तुम्ही दार लावून घ्या.