फोन विहिरीत पडला तर

...आता तुमीच सांगा, लोकाची बायको मास्तरीण असते तर मराठी शिकवते, नाईतर गणित शिकवते. विचारणारा 'बरं बरं' म्हणते अन् आपल्या रस्त्यानं जाते. मायं तसं नाई. मी झेंडू-शेवंतीचा माणूस, पहाटे अकोल्याच्या फूलबाजारात पोते उतरवतो, अन् तिथं वजन करता करता कोनी ना कोनी विचारतेच, "काय नितेशभाऊ, वहिनी नेमकं शिकवते काय?" काय सांगावं आता लोकाले?

एकदा म्हणलं, बँकेचा कायदा शिकवते. तर समोरचा म्हणे, "मंग मायं खातं बंद पडलं, तेवढं चालू करून द्या ना." दुसऱ्यानं विचारलं त्याले म्हणलं, कंपन्या भांडवल कसं उभं करतात त्याचा कायदा शिकवते. तो म्हणे, "कोनती कंपनी? बियाण्याची? त्याईचं बी उगवलं नाई यंदा, सांगून ठेवा वहिनीले." मंग मी कंटाळून थेट मुख्य विषयच सांगून टाकला, डिजिटल चलन. तुमाले सांगतो, ती माई सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्या दिवशी तीन पोट्टे मोटारसायकली घेऊन दारात उभे. "वहिनी, गाडीवर दोन चलन हायेत, हेल्मेटचे, जरा कमी करून द्या." रागिणीनं त्याईले बसवलं, पाणी देलं, अन् पाऊण तास समजावलं की बाबूहो, हे चलन म्हंजे दंडाची पावती नाई, चलन म्हंजे पैसा. पोट्टे मान हालवत ऐकत होते. उठता उठता एक म्हणे, "समजलं वहिनी. मंग कमी कधी होईन?"

अन् हे तिले लागलं कुठून म्हणसान, तर रांगेतून. खोटं नाई सांगत. रागिणी तेल्हाऱ्याची. तिची माय मनकर्णाबाई तिथं बाजारात वांगे-मिरच्या विकते. ज्या वर्षी पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या त्या वर्षी रागिणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाले होती. माय दुकान सोडू शकत नव्हती, म्हणून ही दोन दिवस बँकेच्या रांगेत उभी राह्यली, हातात मायच्या नोटा. उभं राहून राहून माणूस करन काय? नोट वाचाले लागली. त्याच्यावर वचन लिहेल असते पाहा, इतके रुपये देण्याचं. हिचा नंबर आला तवा हिनं खिडकीतल्या बाबूले विचारलं, "भाऊ, हे वचन आता कोनाकडे मागाचं?" तो म्हणे, "ताई, आधी फॉर्म भर." फॉर्म तर हिनं भरला, पण प्रश्न घरी घेऊन आली. मंग पुढची पदवी केली, नेट पास झाली, अकोल्याले तासिका तत्त्वावर शिकवाले लागली. सकाळी बँकिंग, दुपारी कंपनीचं भांडवल. तास झाला तर पगार, नाई झाला तर नाई. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं, ते सोडलं. म्हणे, मले शिकवायचं हाय. लग्नात मले मायाच दोस्तानं विचारलं, "वहिनी शिकवते काय?" मी हार घालून उभा, अन् काय सांगावं आता लोकाले?

तर पीएचडी. विषय घेतला, मोबाइलमधला रुपया अन् त्याचा कायदा. एका ठिकाणी गेली, नाव नाई घेत, ते म्हणे, "हा कॉम्प्युटरचा विषय आहे, तिकडे जा." तिकडे गेली, तर ते म्हणे, "हा कायद्याचा विषय आहे, इकडे कशाला आल्या?" दोन वेळा कागद वापस. शेवटी अमरावतीच्या पौर्णिमा मॅडमनं पदराखाली घेतलं. त्या म्हणे, "विषय कोणाचा ते नंतर पाहू, तू लिही." अन् हे लिहून राह्यली म्हंजे कसं? अकोल्याले तास, तिथून एसटीनं अमरावती, मॅडमनं लाल रेघा मारेल कागद घेऊन वापस, घरी आली की दसऱ्याच्या टायमाले आमच्या संगं झेंडू तोडाले वावरात. तोडता तोडता मधीच थांबे अन् म्हणे, "अहो, हरवलेल्या पैशाचा मालक कोण?" मी म्हणो, "ज्याले सापडला तो." ती म्हणे, "तेच तर नाई ना." अन् पुन्हा तोडाले लागे. मले सांगा, अशा घरात माणसानं फुलं मोजावं का डोकं धरावं?

सहा वर्षं झाली. मुदत संपाले आली. या वेळी पदवी हाती नाई आली तर सारं पाण्यात, अन् कॉलेजातले तासबी पुढच्या वर्षी राहतीन याचा भरवसा नाई. तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं, ते मले दिसत होतं.

शेवटची तोंडी परीक्षा अमरावतीले. अन् ही परीक्षा खुली असते, कोनीबी येऊन बसू शकते. हे कसं काय की आमच्या बाबाले समजलं. आमचे बाबा खुशालराव, वय चौऱ्याहत्तर, सहा वर्षांत सुनेले एका शब्दानं 'काहून शिकून राह्यली' म्हणलं नाई, पण 'शाब्बास'बी म्हणलं नाई. त्या दिवशी सकाळी धोतर-टोपी घालून गाडीजवळ उभे. म्हणे, "सहा वर्षं घरात एक पुस्तक लिहून राह्यली, कशाचं हाय ते तरी पाहू द्या." मी रस्त्यानं मूर्तिजापूरपर्यंत एकच सांगत होतो, "बाबा, तिथं मोठे लोकं राहतीन, तोंड उघडायचं नाई." ते म्हणे, "नाई उघडत."

तिथं मोठं टेबल, पडदा, पंचवीस-तीस माणसं. बाहेरून आलेले परीक्षक सर एकदम कडक, हातात तिचा जाडजूड ग्रंथ, त्याच्यात शंभर चिठ्ठ्या लावेल. रागिणी बोलली, चांगली बोलली. सरांनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, "मॅडम, हे सगळं तंत्रज्ञान झालं. यात कायद्याचा प्रश्न कुठे आहे? मला एक दाखवा." तिनं कलमं सांगितली. ते म्हणे, "ही कलमं मलाही माहीत आहेत. प्रश्न कुठे आहे?" तिनं परदेशातलं सांगितलं. ते म्हणे, "तिकडचं नको." तिसऱ्यांदा तेच विचारलं, तवा तिचा आवाज बारीक झाला. मी तिच्याकडे पाहू नाई शकलो, चपलेकडे पाहत बसलो.

मंग अध्यक्षबाईनं रिवाजाप्रमाणं विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?" आता इथं कोनी विचारत नसते, सारे बाहेरच्या चहाची वाट पाहत असतात. पण मायाजवळची खुर्ची कुरकुरली. पाहतो तर बाबा उभे. मी धोतर ओढलं. त्यांनी सोडवून घेतलं.

"मले विचारायचं हाय."

"आपण कोण?"

"मी तिचा सासरा. फुलं पिकवतो."

मागं दोन-चार जण हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "विचारा, सभा खुली आहे."

बाबा रागिणीकडे पाहून म्हणाले, "समज, मायापाशी तुया तो मोबाइलमधला रुपया हाय. बँकेत नाई, फोनातच. तू म्हणली होती ना, नेट नसलं तरी चालते तो. फुलाचे तीन हजार आले. मी मोटर चालू कराले गेलो, वाकलो, अन् फोन विहिरीत पडला. नोट पडली असती तर भिजली, गेली, मी गप बसलो असतो. हे पैसे गेले का हायेत?"

अन् तुमाले सांगतो, रागिणीचा चेहरा बदलला. सहा वर्षं ती ज्याच्यासाठी जागत होती तेच कोनीतरी विचारलं होतं, अन् तेबी तिच्या बोलीत. ती तसंच बोलाले लागली.

"मामाजी, नोट मानली तर गेले. खातं मानलं तर बँकेनं वापस दिले पायजेत. अन् हा रुपया नोटबी हाय अन् खात्यासारखाबी हाय. कायद्यानं अजून सरळ सरळ सांगतलं नाई. मी म्हणते, ठरलेले दिवस थांबावं, अन् तेवढ्यात ते पैसे कुठी खर्च झाले नसतीन तर तुमाले वापस भेटावे."

परीक्षक सरांनी पेन खाली ठेवला. "आणि लबाड माणूस? तो फोन दुसऱ्याच्या हाती देईल आणि विहिरीत पडला म्हणून सांगेल."

"म्हणूनच दिवस थांबायचं, सर," ती म्हणाली. "दुसऱ्यानं पैसे खर्च केले तर ते बँकेपर्यंत पोचतातच. खोटं तिथं उघडं पडतं. पान एकशे ब्याऐंशी."

सरांनी पान काढलं. वाचलं. पुढचं वाचलं. आम्ही सारे त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. मंग चष्मा काढून म्हणाले, "हे पाचव्या प्रकरणात का दडवून ठेवलं तुम्ही? पहिलं वाक्य हेच हवं होतं. माझा प्रश्न मी मागे घेतो."

सारे टाळ्या वाजवाच्या तयारीत, पण बाबा अजून उभेच. "म्हंजे सध्या तर गेले."

"हो मामाजी, सध्या भरवसा नाई."

"मंग मी नोटच ठेवतो," असं म्हणून बाबा बसले, अन् परीक्षक सर इतके हसले की त्याईले पाणी द्यावं लागलं. दहा मिनिटांनी अध्यक्षबाईनं उभं राहून 'डॉक्टर रागिणी' म्हणलं. पौर्णिमा मॅडम रडल्या, मी रडलो, रागिणी काही रडली नाई. ती बाबाच्या पाया पडली. बाबा गोंधळून म्हणाले, "म्या काय केलं बाई? मले खरंच समजत नव्हतं."

मंग काय, दिवसच पालटले. त्या पाचव्या प्रकरणाचा लेख छापून आला. मुंबईले बोलावलं, साठ बँकवाले वह्या काढून माया बायकोचं लिहून घेऊन राह्यले होते, मी मागं बसून मोजले. चार महिन्यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात मुलाखत झाली, अन् पूर्ण पगाराची, कायमची प्राध्यापक. मनकर्णाबाईनं तेल्हाऱ्याच्या बाजारात त्या दिवशी मिरच्या फुकट वाटल्या. कोनी विचारलं, "पोरगी शिकवते काय हो?" तर त्या माउलीनं एका दमात सांगतलं, "पैसा हरवला तर तो कोनाचा, ते." संपलं. मी सहा वर्षं काय सांगावं लोकाले म्हणून तडफडलो, अन् सासूनं मिरच्या तोलता तोलता सांगून टाकलं.

पण गावातल्या पोट्ट्याईले हे कोन समजावन? त्याईनं प्रेमानं फ्लेक्स लावला, वीस फुटी, रागिणीचा फोटो, अन् खाली लिहिलं, 'डिजिटल रुपया काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आता रुपया जिनं काढला ती नोटाबी बदलून देतच असन ना? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर घरासमोरच्या वट्यावर रांग, ज्याच्या त्याच्या हातात फाटेल, जळेल, कुरतडेल नोटा. मी म्हणलं, आता ही चिडन. नाई चिडली. खुर्ची टाकून बसली, एकेक नोट उजेडात धरून पाहे, अन् सांगे, "ही बँकेनं बदलून दिलीच पायजे, असा नियम हाय. नाई म्हणले तर मायाकडे या, अर्ज लिहून देते." बाबा एका हातात चहाची किटली अन् दुसऱ्या हातात खडू घेऊन वट्यावर नंबर लिहून राह्यले होते.

मायापाशीबी होती एक, शंभराची, उंदरानं खाल्लेली. घरचाच माणूस म्हणून मी मधून घुसलो. रागिणीनं मान वर न करता विचारलं, "नंबर?"

बाबाकडे पाह्यलं. त्याईनं खडू उचलला अन् मायासाठी लिहिलं, चौदा. उभा राह्यलो, बापा... काय करता.