भरल्या वांग्याचा निकाल

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. खोटं बोललं की पाप लागतं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात — आणि ऐकूनही बोलत आलात, ते असो! माझा प्रश्न निराळा आहे. गोड बोललं तर काय लागतं? समजा, कुणाचं मन राखायला आपण म्हटलं, "वा! अप्रतिम!" आणि त्या एका "अप्रतिम"पायी समोरच्याचा संसार उघड्यावर आला — तर दोष कुणाचा? बोलणाऱ्याचा, की विश्वास ठेवणाऱ्याचा? ... माना हलवू नका! माना तुम्ही प्रत्येक प्रश्नाला हलवता. त्यावरून मला काहीही निष्कर्ष काढता येत नाही!

आजचं आख्यान देवांचं नाही, दैत्यांचंही नाही. सोलापूरचं आहे. एका शनिवार-रविवारचं.

पुण्यात रत्नाकरपंत पेंढरकर नावाचे एक गृहस्थ होते. अन्न तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी. हळदीत काय मिसळलं, तुपात काय मिसळलं, सगळं काचेच्या नळीत घालून पाहिलेला माणूस. पंत निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला थर्मामीटर काही निवृत्त झाला नाही! घरी चहा आला की आधी त्यात काडी बुडणार.

"एकोणसत्तर अंश," पंत म्हणणार.

"ताप आहे का हो त्याला?" पत्नी कुमुदिनीबाई विचारणार.

निवृत्तीनंतर दोघांनी एक बेत ठरवला. महिन्यातून एकदा एखादं शहर गाठायचं, दोन दिवस राहायचं आणि तिथलं उत्तमातलं उत्तम शोधून खायचं. हॉटेलं, खानावळी आणि — बार! ... पाहा, 'बार' म्हटल्याबरोबर मागच्या खांबाजवळचे तिघे ताठ झाले! बसा, बसा. तुमचाही मजकूर येणार आहे.

शनिवारी सकाळी दोघं सोलापूरला उतरले. पंतांनी रिक्षावाल्याला विचारलं, "चांगलं जेवण कुठे मिळतं?"

"सगळीकडंच चांगलं हाय की साहेब!"

लॉजच्या मॅनेजरला विचारलं. "खालचंच आमचं घ्या की! एक नंबर!"

फोनवर पाहिलं. बारा ठिकाणं, आणि बाराही ठिकाणांना साडेचार तारे! पंतांनी फोन पालथा ठेवला. म्हणाले, "कुमुद, ज्या काट्यावर भोपळाही साडेचार किलो भरतो आणि लिंबूही साडेचार किलो भरतं, तो काटा बिघडलेला असतो."

"पण भूक बिघडलेली नाही ना? चला!"

गेले. तीन भाज्या मागवल्या. पंतांनी तिन्ही वाट्यांत चमचा घातला आणि जाहीर केलं, "नावं तीन आहेत, रस्सा एकच आहे. फरक फक्त कोथिंबिरीत आहे." वेटरने विचारलं, "जेवण कसं वाटलं साहेब?" आणि कुमुदिनीबाई काय म्हणाल्या असतील? बोला ना! ... "छान!" अगदी बरोबर. तुम्हाला कसं कळलं? कारण तुम्हीही हेच म्हणता!

सायंकाळी बार. वरच्या मजल्यावर कुटुंबासाठी वेगळी खोली, खिडकीला निळा दिवा, भिंतीवर धबधब्याचं चित्र. "बियर थंड आहे ना?" "एकदम चिल्ड, साहेब!" खिशातली काडी बाहेर आली, ग्लासात बुडाली. सतरा अंश! वेटर त्या काडीकडे पाहतो, पंतांकडे पाहतो. कुमुदिनीबाई त्याला हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. घरी माझ्या आमटीलाही हेच असतं." मसाला पापड मात्र चांगला होता, असं पंतांनी नमूद केलं. मी अन्याय करत नाही.

झोपताना कुमुदिनीबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "उद्या दुपारचं एक जेवण. तेही फसलं, तर पुढच्या महिन्यापासून मी माझ्या बहिणीकडे. तिची भाजी खारट असते, पण निदान मोजावी लागत नाही!"

आता मंडळी, पंतांना इथेच झोपू द्या आणि माझ्याबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला चला. पुढचं तुम्हाला सांगून ठेवतो. पंतांना मात्र सांगू नका!

तिथे गौरव्वांची खानावळ. सहा टेबलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी. त्या वांग्यांसाठी कोर्टातले वकील सायकल मारत यायचे. त्या गौरव्वा वारल्या. रविवारी त्यांचं अकराव्या दिवसाचं जेवण, त्यांच्याच खानावळीत. रांधणार कोण? सून, महानंदा. अठरा वर्षं सासूच्या हाताखाली. पण सगळा स्वयंपाक एकटीने करण्याची ही पहिली वेळ.

आणि नवरा शिवानंद तिला म्हणाला होता, "सोमवारी शटर उघडायचं का नाही, रविवारी संध्याकाळी सांग. मोबाईलवाला जागा मागतोय. त्याला हो म्हटलं तर भाडं येतंय घरबसल्या."

सासूला ती अव्वा म्हणायची. महानंदा म्हणाली, "माझ्या हाताला अव्वांची चव असंल तर उघडू. नसंल तर अव्वांचं नाव घालवायला मी बसणार नाही."

सरळ कसोटी आहे. पण निकाल देणार कोण? पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईची जीभ वासानेच मेलेली असते. स्वतःचं स्वतःला कळत नाही. म्हणून ती पहिल्या पंगतीला विचारते, "कसं झालंय?" सगळे म्हणतात, "अगदी गौरव्वांसारखं!" दुसऱ्या पंगतीला विचारते. "डिट्टो अव्वा!" अहो, अकराव्याच्या पंगतीत बसून "वांगं फसलंय" असं म्हणणारा माणूस महाराष्ट्रात जन्माला आलेला आहे का? शंभर माणसांनी एकच उत्तर दिलं — आणि त्या शंभर उत्तरांची किंमत शून्य! कारण दुसरं उत्तर द्यायची कुणाला मुभाच नव्हती. गोड बोलण्याच्या भरात सगळं गाव त्या बाईला हळूहळू खड्ड्याकडे नेत होतं. सोमवारी शटर उघडलं असतं. गिऱ्हाईक आलं असतं, "छान" म्हणालं असतं आणि पुन्हा कधीच आलं नसतं.

तर अशा वेळी, भर दुपारी साडेबाराला, त्या गल्लीच्या तोंडाशी रत्नाकरपंत उभे राहिले!

"कुमुद, माणसांना विचारणं बंद. आता फक्त निरीक्षण! ती खानावळ पाहा. दाराबाहेर चपलांचे एकसष्ट जोड आहेत. मी मोजले. काल त्या साडेचार तारेवाल्याकडे सगळी मिळून नऊ माणसं होती. आणि बाहेर पडणारे लोक बघ — कुणी हसत नाही, कुणी बोलत नाही. खरोखर तृप्त झालेला माणूस बोलत नाही!"

हसू नका! तर्कात चूक नव्हती. फक्त एक शक्यता गृहीत धरायची राहिली होती!

दारात खुर्ची. खुर्चीवर गौरव्वांचा फोटो, फोटोला हार, पुढे समई. पंत कुजबुजले, "संस्थापिका दिसतात. गल्ल्यामागे सगळीकडेच असा फोटो असतो. पण इथे दारात मान दिलाय. याला म्हणतात परंपरा!" दोघांनी भक्तिभावाने हात जोडले. शिवानंदला वाटलं, अव्वांच्या ओळखीचे कुणीतरी लांबून आले. अकराव्याला आलेल्या माणसाला "तुम्ही कोण" असं विचारत नाहीत. तो एवढंच म्हणाला, "लांबनं आला जणू?"

"पुण्याहून. मुद्दाम जेवायलाच!"

शिवानंदचे डोळे भरले. "बसा की ओ, बसा. अव्वांना लई बरं वाटलं असतं."

पंगतीत जागा मिळाली. पान वाढलं गेलं. पंत जेवू लागले आणि कुमुदिनीबाई निरीक्षण करू लागल्या! एकतीस वर्षं संसार केला की हा रोग लागतो.

"अहो, इथे पैसे कुणीच देत नाहीये."

"शेवटी घेत असतील."

"आणि मेनू कुणीच मागत नाहीये."

"एकच थाळी असते उत्तम ठिकाणी. जेव."

"अहो, त्या कोपऱ्यातल्या बाई रडताहेत!"

"चटणी तिखट आहे," पंत म्हणाले. "अस्सल आहे!"

इतक्यात महानंदा पंगतीतून विचारत आली. पदर खोचलेला, कपाळाला पिठाचा हात लागलेला. "कसं झालंय?" "अगदी अव्वांसारखं." "कसं झालंय?" "फरक नाही बघ पोरी." अशी पुढे सरकत पंतांपाशी पोचली. "कसं झालंय ओ?"

पंतांनी मान वर केली. "स्वयंपाक तुम्हीच केलात?"

"होय."

"खरं सांगू?"

मंडळी, पंगतीतले सगळे हात तोंडाशी थांबले! शिवानंदच्या हातातली बादली जमिनीवर टेकली. कुमुदिनीबाईंनी पंतांच्या गुडघ्याला चिमटा काढला. पंतांच्या गुडघ्याला चिमट्यांची सवय आहे!

महानंदा म्हणाली, "सांगा."

"भाकरी निर्दोष. चटणी उखळात कुटलेली आहे, मिक्सरला लावलेली नाही. म्हणून तेल सुटलंय. उत्तम! खिरीत गूळ किंचित जास्त. पण वांगं फसलंय."

"अहो!" कुमुदिनीबाई.

"थांब, कारण सांगू दे. मसाला चांगला आहे, वांगंही कोवळं आहे. पण साल चिवट राहिली आणि आतपर्यंत चव शिरली नाही. तुम्ही चिंच सारणातच कालवलीत ना? आंबट लागलं की भाजी मऊ होत नाही. कितीही वेळ ठेवा. आधी तेलावर वांगं पुरतं मऊ होऊ द्या. चिंचेचा कोळ अगदी शेवटी."

कुणीतरी मागून गरजलं, "ओ पाव्हणं! कुठं बसलाय कळतंय का?"

पण महानंदाने हात वर केला. ती पंतांकडे पाहतच नव्हती. ती अठरा वर्षं मागे पाहत होती.

"शेवटी..." ती म्हणाली. "अव्वा रोज शेवटी म्हणायच्या, 'जा, पंगतीला पाणी वाढ.' मी तांब्या घेऊन बाहेर जायची. परत येईतोवर वांगी उतरलेली असायची. चिंच घालताना मी कधी बघितलंच नाही ओ! मला वाटायचं, सारणातच असती."

सासूने मुद्दाम लपवलं, की रोजची सवय म्हणून पाण्याला धाडलं? पुरावा नाही, म्हणून मी बोलणार नाही. गौरव्वांनी स्वप्नात येऊन सुनेला चिंचेची वेळ सांगितली असती, तर माझं आख्यान फार शोभून दिसलं असतं. पण त्या आल्या नाहीत. आला तो चपला मोजणारा माणूस!

महानंदा वळली. "शेवटच्या पंगतीच्या वांग्यांचं सारण अजून कालवायचं राहिलंय. कुणी उठायचं नाही!" आणि ती आत गेली.

वीस मिनिटं! पानावर बसलेली माणसं, बोटं वाळलेली, पण एकही उठला नाही. कारण आता सगळ्यांनाच कळलं होतं की इथे वांगं शिजत नाहीये, एका घराचा निकाल शिजतो आहे. ज्यांनी "डिट्टो अव्वा" म्हटलं होतं, त्यांच्या नजरा पानातल्या मिठावर खिळल्या होत्या.

ती आली. एकच वांगं, पंतांच्या पानात. भोवती तेलाची लाल रेघ. पंतांनी सवयीने खिशाकडे हात नेला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "काडी बाहेर काढलीत तर मी आत्ता बहिणीकडे जाईन!" हात परत आला. पंतांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला नुसता टेकवला — आणि वांगं उलगडलं. घास तोंडात गेला.

एक क्षण. दोन क्षण.

"काय?" महानंदाने विचारलं.

पंतांनी वांगं संपवलं. पान पुढे सरकवून म्हणाले, "अजून एक वाढा."

कुमुदिनीबाईंनी महानंदाचा हात धरला. "बाई गं, पास झालीस! या माणसाने एकतीस वर्षांत माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या ते लक्षात आहे, हेही यांना सांग!"

पंगतीत हशा पिकला — अकराव्याच्या पंगतीत! कोपऱ्यातल्या रडणाऱ्या बाईसुद्धा पदराआड हसल्या.

पंत हात धुऊन आले, पाकीट काढलं. "किती झाले?"

शिवानंदने दोन्ही हात जोडले. "साहेब, पैसे कसले? हे आमच्या अव्वांचं अकराव्याचं जेवण."

मंडळी, पंतांचा चेहरा पांढऱ्या चुन्यासारखा झाला. एकेक पुरावा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला — हार, समई, न बोलणारे लोक, रडणारी बाई! "अहो... मी... मला वाटलं, त्या संस्थापिका..."

"त्याच की!" महानंदा म्हणाली. "चूक काय म्हणालात?"

माफी मागत, कपाळावरचा घाम पुसत पंत दारापर्यंत मागे सरकले. आणि गोंधळलेल्या माणसाच्या तोंडून जे कधी निघू नये, नेमकं तेच निघालं. दुखवट्याच्या घरातून निघताना आपण काय म्हणत नाही?

"येतो हं!" पंत म्हणाले. "येतो परत!"

अरे देवा! सगळी पंगत सर्द! "येतो" म्हणाला! कुणी कानावर हात ठेवले, कुणी अव्वांच्या फोटोकडे पाहिलं. कुमुदिनीबाईंनी डोळेच मिटले. शिवानंदने बायकोकडे पाहिलं.

आणि महानंदा — पदराला हात पुसत, साऱ्या गावाच्या देखत, सरळ म्हणाली, "या की! उद्या अकराला शटर उघडतंय."

नाम घ्या मंडळी, एकदा मोकळ्या आवाजात नाम घ्या!

आता आपल्याकडे वळू. पंतांनी नुसतं "वाईट" म्हटलं असतं, तर तीही माहिती नव्हती. तो नुसता अपमान झाला असता. त्यांनी चूक कुठे, का आणि उपाय काय, हे तिन्ही सांगितलं. ही तयारी नसेल, तर घरी जाऊन "मला खरं बोलायचंय" असं म्हणू नका. पळी घरच्या बाईच्या हातात असते, आणि कीर्तन करायला मी तिथे नसतो!

पण रोजच्या रोज आपण किती जणांना "छान" म्हणून वाऱ्यावर सोडून देतो, याचा हिशेब कधी केलात? पोराची कविता छान. मित्राचा धंदा छान. सुनेची भाजी छान — आणि मग तीच भाजी शेजारणीपुढे वाईट! प्रेम असतं तर आपण बसून वीस मिनिटं वाट पाहिली असती.

आणि आता थोड्याच वेळात आरती होईल. तुम्ही रांगेने याल, पायाला हात लावाल आणि म्हणाल, "बुवा, कीर्तन फार छान झालं!" आज ते चालणार नाही. आज प्रत्येकाने एक चूक सांगायची, कारणासकट! विचार करा, घाई नाही...

अहो पेटीवाले, हात खाली घ्या! इतक्या लवकर? आणि दोन-दोन हात?